साडेनऊ टनांची गाडी, पंचेचाळीस फूट वाळू

गाडी रुतली तेव्हा दुपारचे पावणेचार वाजले होते. रुतायला लागले साधारण वीस सेकंद. ती परत डांबरावर आली दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला, म्हणजे अठरा तासांनी. या अठरा तासांचं मी टिपण ठेवलं. एक तर माती आणि तिची वजन पेलायची ताकद हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. दुसरं म्हणजे ‘जमीन घट्ट आहे, ये पुढे’ असं हात हलवून सांगणारा माणूस मीच होतो. त्यामुळे हे प्रकरण लिहिताना खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायची सोय नाही. थोडंफार फोडणार आहे, पण ते नंतर.

जागा आणि गाडी

कॅलिफोर्नियाचा आग्नेय कोपरा, ॲरिझोनातल्या युमा गावाच्या पश्चिमेला, मेक्सिकोच्या सीमेजवळ. इथे आल्गोडोनेस नावाचे वाळूचे डोंगर आहेत. लांबी सुमारे ४५ मैल, रुंदी मात्र सहा मैलांच्या आसपास, आणि काही टेकाडं ३०० फुटांपर्यंत चढलेली. सरकारी नाव इम्पीरियल सँड ड्यून्स, देखरेख ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याची. हिवाळ्यात इथे अक्षरशः जत्रा भरते. वाळूत पळवायच्या बग्या, त्या पोटात घालून आणणारे ट्रेलर आणि बसएवढ्या मोटरहोम, म्हणजे चाकांवरची घरंच. ऑक्टोबरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत परवाना काढावा लागतो, पण तो काढला की बहुतेक ठिकाणी नंबर टाकलेली जागा वगैरे काही नसते. मोकळी जागा दिसली की गाडी लावायची.

आम्ही सॅन दिएगोहून इंटरस्टेट ८ ने आलो. चार हजार फुटांचा घाट चढून पलीकडे उतरलं की एल सेंट्रो गाव थेट समुद्रसपाटीच्या खाली, आणि तिथून पुढे गॉर्डन्स वेलचा फाटा. फाट्यावरून ग्रेज वेल रोड हा डांबरी रस्ता महामार्गाच्या कडेकडेने जातो. वाऱ्याने त्याच्यावरही वाळूच्या जिभा पसरलेल्या असतात. फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीला जोडून आलेला लांब शनिवार-रविवार होता, त्यामुळे रस्त्यालगतच्या सगळ्या घट्ट जागा आधल्या रात्रीच भरल्या होत्या.

गाडी माझ्या आत्येभावाची. आम्ही त्याला दादाच म्हणतो. जुनी घेतलेली, ३४ फुटी, पेट्रोलवर चालणारी, फोर्डच्या एफ-५३ चासीवर, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर, बांधलेली मोटरहोम. लांबीला साधारण आपल्या एस्टीच्या जवळपास जाते. निघण्याआधी ट्रकच्या काट्यावर वजन केलं होतं, म्हणून आकडे नेमके आहेत. पुढचा आस ७,५०० पौंड, मागचा १३,६०० पौंड. एकूण २१,१०० पौंड, म्हणजे साडेनऊ टनांहून थोडं जास्त. पुढे दोन चाकं, मागे दुहेरी जोड्यांची चार. आणि या सगळ्याच्या मागे टो-बारला, म्हणजे ओढायच्या दांड्याला, लावलेली जुनी होंडा सीआर-व्ही, चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढत आणलेली. मोटरहोम एकदा मुक्कामाला लावली की गावात जायला छोटी गाडी हवी, म्हणून अमेरिकेत हे सर्रास करतात.

त्या सीआर-व्हीकडे लक्ष ठेवा.

गाडीत दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं, मी, आणि वहिनीचे वडील. काका सांगलीकडचे. उसाच्या ट्रॉल्या ओढण्यात त्यांची उमर गेली. काळ्या रानात फसलेला ट्रॅक्टर कसा काढायचा हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही, आणि तोच आमचा पहिला घोटाळा ठरला.

वीस सेकंद

रस्त्याच्या डाव्या अंगाला, डांबरापासून पन्नास-साठ फूट आत, दोन मोठ्या ट्रेलरांच्या मधे एक मोकळी जागा दिसली. पलीकडे लगेच टेकडीचा पायथा. मुलांना हेच हवं होतं. मी उतरून चालत गेलो. टाच आपटून पाहिली. वाळूत आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या होत्या, दोन्ही बाजूंना दहा-दहा टनांची धुडं आरामात उभी होती. मी हात हलवला.

आता दादाची अडचण. चारही चाकांवर ओढलेली गाडी मागे लागलेली असताना मोटरहोम रिव्हर्स घेता येत नाही. चार-पाच फुटांत मागच्या गाडीची पुढची चाकं भलतीकडे वळतात आणि टो-बार पिळवटतो. म्हणजे नाक आत घालून मग मागे येणं शक्य नव्हतं. मोठा वळसा घेऊन, त्या जागेतून गोल फिरून, तोंड रस्त्याकडे करून थांबायचं असं त्याने ठरवलं. कागदावर झकास. पण वळसा घ्यायला तो चाकोऱ्यांच्या बाहेर गेला. चाकोरी सोडणाऱ्याचं आपल्याकडे कौतुक होतं. वाळूत मात्र दुसऱ्यांनी दाबून ठेवलेली चाकोरी हीच काय ती पक्की जमीन असते.

वळण अर्धं झालं आणि स्टीअरिंग जड पडलं. पुढची चाकं वळलेली असल्यामुळे ती नांगरासारखी वाळू पुढे लोटत होती. दादाने घाबरून ब्रेक दाबला. ही दुसरी चूक, कारण ब्रेकने थांबलेलं चाक आपल्यापुढे वाळूची पाचर करून ठेवतं आणि मग त्याच पाचरीवर चढायचं असतं. थांबायचंच होतं तर नुसता पाय उचलून गाडी आपोआप थांबू द्यायला हवी होती. मग त्याने पुन्हा रेस दिली. मागची उजवी जोडी फिरली. खिडकीतून काका ओरडले, “दे, दे, रेस दे, थांबू नको!”

काकांचं चुकलं असं म्हणवत नाही. काळ्या मातीत वरचा चिखल उडवून टायर खाली उतरला की कुठेतरी मुरूम लागतो, टायर त्याला चावतो आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. त्या वाळूखाली मुरूम नाही. वाऱ्याने वाहून आणलेले, घासून गोल झालेले, जवळजवळ एकाच मापाचे कण. एकमेकांत अडकत नाहीत, मोहरीच्या ढिगासारखे सरकतात. चाक फिरलं की ते मागे फेकले जातात आणि चाक त्यांच्या जागी खाली जातं. किती खाली? आस वाळूवर टेकेपर्यंत. आमचा टेकला. मागचा लांब बाहेर आलेला भाग, त्याखालचा एक्झॉस्टचा पाइप आणि टो-बारचा हूक, सगळं वाळूत. गाडी उजवीकडे चांगलीच कलली.

डांबर मागच्या चाकांपासून पंचेचाळीस फूट. मी नंतर पट्टीने मोजलं.

माझी टाच आणि गाडीचा टायर

इथे मला माझं स्वतःचं प्रकरण उकलायचं आहे, कारण हेच गणित मी रोज कामावर करतो आणि त्या दिवशी केलं नाही.

टायर जमिनीवर किती दाब टाकतो, याचं ढोबळ उत्तर म्हणजे त्यात भरलेल्या हवेचा दाब. मागच्या आसावर १३,६०० पौंड, टायर चार, म्हणजे प्रत्येकावर ३,४००. गार टायरमध्ये हवा होती ८० पीएसआय (दर चौरस इंचाला ८० पौंड), पण दीडशे मैल तापलेल्या डांबरावरून येताना ती ९० वर गेली होती. ३,४०० भागिले ९०, म्हणजे एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग जेमतेम ३८ चौरस इंच. ए-फोर कागद मधोमध दुमडा आणि त्यातूनही पट्टीभर कापून टाका, तेवढा. मी ७५ किलोचा माणूस. एका पायावर उभा राहिलो तरी जमिनीवर सातेक पीएसआयच टाकतो. म्हणजे मी जे तपासलं त्याच्या बारापट दाब त्या वाळूवर येणार होता. टाचेने दिलेला निकाल टाचेपुरताच खरा होता.

शेजारच्या ट्रेलरांवरून केलेला अंदाजही फसवा. ते ट्रेलर तिथे स्वतःच्या चाकांनी चालत आले नव्हते. चारही चाकांना ताकद असलेल्या डिझेल पिकअपनी त्यांना ओढत आणलं होतं. ओढल्या जाणाऱ्या चाकाला वाळूवर फक्त लोळायचं असतं. ढकलणाऱ्या चाकाला वाळूला लाथ मारून पुढे जायचं असतं. आमच्याकडे ती लाथ मारणारी चाकं फक्त मागची. त्यातही दुहेरी जोडी पुढच्या एकेरी चाकाच्या खाचेत नीट बसत नाही. ती थोडी दाबलेली आणि थोडी कोरी अशी मिश्र वाळू तुडवते.

आणि वेळ. दुपारी पावणेचारला वरची वाळू कोरडी ठणठणीत असते. वाळूच्या कणांना एकत्र धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे त्यांच्यामधलं पाण्याचं पातळ आवरण. कोकणात भरती उतरल्यावरच्या ओल्या पट्ट्यावर गाडी पळते आणि वरच्या कोरड्या वाळूत शिरली की बसते, त्याचं कारण हेच. वाळवंटात तो ओला पट्टा नसतो, पण पहाटे थोडासा गारवा आणि दमटपणा असतो. दुपारी तोही नाही.

संध्याकाळ: एक बरा आणि एक वाईट निर्णय

बरा निर्णय वहिनींचा. “आधी इंजिन बंद करा,” त्या म्हणाल्या. आम्ही तिघं पुरुष अजून रिव्हर्सचं बोलत होतो. इंजिन बंद झाल्यावर मी मागे जाऊन पाहिलं तर एक्झॉस्टचा पाइप वाळूत पूर्ण गाडला गेलेला. तसंच इंजिन चालू ठेवलं असतं तर धुराला बाहेर पडायला जागा नव्हती, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जनरेटरचा पाइपही त्याच बाजूला. तोही रात्रभर बंद ठेवला. फ्रीज बंद केला, कारण मोटरहोममधले गॅसवर चालणारे फ्रीज पंप नसलेले असतात. त्यांच्या नळ्यांतलं द्रव उतारानेच फिरतं, आणि गाडी फार कललेली असताना ते चालू ठेवले की नळ्या कायमच्या बाद होतात. बाजूला सरकणारी खोली उघडली नाही. चासी पिळलेली असताना ती बाहेर काढली की परत आत जाईलच याची खात्री नाही.

मग सीआर-व्ही सोडवली. सपाट रस्त्यावर हे पाच मिनिटांचं काम. इथे टो-बारवर ताण होता, पिना निघेनात. मुलांनी आणि मी हुकाखालची वाळू उपसली, हातोडीने पिना काढल्या, आणि दादाने छोट्या गाडीच्या टायरमधली निम्मी हवा सोडून ती आल्या चाकोरीतून मागे नेली. टो-बारचा एक दांडा तोवर वाकला होता.

वाईट निर्णय आम्हा सगळ्यांचा. शेजारच्या पिकअपवाल्या गृहस्थाने पट्टा लावून ओढून बघतो म्हटलं आणि आम्ही हो म्हणालो. एवढं बरं की त्याने पट्टा टो बॉलला लावायला साफ नकार दिला. तो गोळा गाडी ओढायला असतो, रुतलेली गाडी उपटायला नाही. तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा जातो आणि त्याने माणसं मेली आहेत. पट्टा चासीला बांधला, मुलांना दूर उभं केलं. पिकअपची चारही चाकं जागच्या जागी फिरली आणि दोन मिनिटांत तीच अर्धा फूट बसली. आम्ही थांबलो.

हिशोब आधी केला असता तर ही वेळ आली नसती. चाकं बुडेपर्यंत रुतलेली गाडी हलवायला तिच्या वजनाइतका जोर लागतो असं ढोबळमानाने धरतात. आमच्या बाबतीत २१,००० पौंड. पिकअपचं वजन ७,००० पौंड, आणि वाळूवर ती स्वतःच्या वजनाच्या निम्म्यानेही ओढू शकली तर नशीब. साडेतीन हजार विरुद्ध एकवीस हजार. असल्या दोन पिकअप लावल्या असत्या तरी फरक पडला नसता. म्हणजे जोर वाढवून भागणार नव्हतं, लागणारा जोर कमी करायला हवा होता. चाकासमोरची भिंत काढायची, पोटाखालची वाळू काढायची, टायर पसरवायचे आणि खाली काहीतरी घट्ट द्यायचं.

रस्त्यावरच्या मदतीचा विमा होता. फोनवरच्या बाईंनी डांबरापासून किती दूर आहात ते विचारलं आणि अशी ठिकाणं करारात बसत नाहीत असं सांगितलं. खासगी ओढगाडीवाल्याने चार आकडी रक्कम सांगितली, तीही उद्या दुपारनंतर. दादाचा चेहरा उतरला. मी म्हटलं, सकाळी सहाला सुरू करू. रात्री वाळू गार होईल, टायर गार होतील, आणि आपणही.

त्या रात्री तिरक्या ओट्यावर खिचडी शिजली, कुकर एका बाजूने पाचर लावून. मुलं उजव्या भिंतीला टेकून झोपली, म्हणजे घरंगळायचा प्रश्न नको.

सकाळ: फळ्या

सामान असं होतं: एक फावडं, जॅकखाली टाकायला आणलेल्या दोन इंच जाड आणि दहा इंच रुंद चार फळ्या, आणि वहिनींची कणीक मळायची परात. परात घमेल्याचं काम उत्तम करते. शेजाऱ्याने आणखी चार फळ्या आणि प्लायवूडचे तुकडे दिले, शिवाय त्याचा चांगला कॉम्प्रेसर.

उपसायला दोन तास गेले. नवशिका माणूस फक्त टायरसमोर उकरतो. खरं काम गाडीच्या पोटाखाली असतं. आसाच्या मधला डिफरन्शियलचा गोळा (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा), मागच्या लोंबत्या भागाखालचा पट्टा, एक्झॉस्ट. जोवर गाडीचं वजन पोटावर आहे तोवर चाकांना काही करता येत नाही. जायचं होतं मागे, आलो त्याच वाटेने, कारण तीच दाबलेली होती आणि उतार किंचित रस्त्याकडे होता. म्हणून मागच्या चाकांच्या मागे लांब, हलकी चढण कोरली, खड्डा नाही.

पाण्याच्या टाकीवरून वाद झाला. ६० गॅलनची टाकी भरलेली होती. दादा म्हणाला सोडून देऊ, वजन कमी होईल. ६० गॅलन म्हणजे ५०० पौंड; एकवीस हजारांत ते किती? वाळवंटात सहा माणसांचं पिण्याचं पाणी सव्वादोनशे किलोसाठी ओतायचं हे मला पटलं नाही. दोन बादल्या मात्र घेतल्या आणि चाकांमागच्या वाळूवर शिंपडून ती चोपून घेतली.

आता काकांची दुसरी सूचना, आणि ही सोन्यासारखी होती. उसाची ट्रॉली फसली की चाकाखाली पाचट भरतात. पण पाचट भरायला चाक आधी उचललं पाहिजे. “तुमच्या गाडीला ते चार पाय आहेत ना, त्यांनी उचला,” ते म्हणाले. म्हणजे गाडी मुक्कामात सपाट करायचे हायड्रॉलिक जॅक.

माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याची दोन कारणं होती. पहिलं, जॅकचा तळवा बारा इंच व्यासाचा. त्यावर ६,००० पौंड आले तर वाळूवर ५३ पीएसआय; जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली रोवला गेला असता. दोन फूट लांब-रुंद प्लायवूड दुहेरी करून खाली घातलं की तोच दाब दहावर येतो, आणि ते वाळू पेलते. दुसरं कारण जास्त गंभीर. या गाड्यांत गिअर पार्कमध्ये असो किंवा हँडब्रेक शाफ्टवर असो, ती पकड मागच्या चाकांमार्फतच जमिनीपर्यंत पोचते. एक मागचं चाक जरी हवेत गेलं तरी डिफरन्शियल ते मोकळं फिरू देतं आणि पकड संपते. गाडी जॅकवरून सरकू शकते. जॅक बनवणारेही चाकं उचलायला तो वापरू नका असंच सांगतात.

तरी आम्ही केलं, पण अर्धवट. पुढची चाकं दोन्ही बाजूंनी लाकडाने अडकवली. मागचे दोन्ही जॅक बरोबरच, इंच-इंच, फक्त टायरवरचा भार हलका होईपर्यंत. टायर जमिनीवरून सुटू द्यायचा नाही. प्रत्येक इंचाला बाजूने फावड्याच्या दांड्याने वाळू खाली सारायची, हात किंवा डोकं कधीच आत घालायचं नाही. तीन खेपांत आस मोकळा झाला आणि फळीचं टोक टायरखाली शिरलं. मग जॅक पूर्ण वर घेतले. हे विसरून गाडी हलवली की जॅक वाकतो, आणि मग तोच नांगर होतो.

टायरची हवा पुढे ५० आणि मागे ४५ वर आणली. मागच्या टायरचा टेकलेला भाग ९० च्या तुलनेत दुप्पट झाला. दुहेरी जोडीतल्या आतल्या टायरचा व्हॉल्व्ह शोधायला पालथं पडावं लागतं, आणि हे काम आदल्या संध्याकाळी आरामात करता आलं असतं. एवढ्या कमी हवेत हे टायर एवढा भार पेलण्यासाठी बनवलेले नसतात. चालण्याच्या वेगाने, थोडंसंच अंतर, आणि डांबरावर येताच हवा परत, या अटीवरच.

मग सुरुवात. दादाला मी एकच गोष्ट सांगितली होती: चाक घसरल्याचा आवाज आला की पाय उचल. स्टीअरिंग सरळ. घसरणारं चाक फळी मागे भिरकावतं, म्हणून कुणी सरळ रेषेत उभं राहायचं नाही. पहिल्या झटक्यात दीड फूट. मग फळीभर. गाडी फळ्यांच्या टोकाशी आली की थांबायचं, पुढच्या फळ्या उचलून मागे टाकायच्या, परत फळीभर. आठ फळ्या आळीपाळीने.

योगायोग असा की या जागेला फळ्यांची सवय आहे. १९१५ साली या वाळूतून मोटारी नेण्यासाठी इथे खरोखर लाकडाचा रस्ता टाकला होता. आधी चाकांपुरत्या दोन पट्ट्या, मग १९१६ मध्ये आठ फूट रुंद आणि बारा फूट लांब तयार तुकडे जोडून साडेसहा मैलांचा एकपदरी रस्ता, समोरून मोटार आली तर बाजूला व्हायला अधूनमधून जागा. वाळू वर आली की तुकडे उचलायचे आणि पुन्हा टाकायचे. १९२६ मध्ये डांबरी रस्ता झाला आणि लाकूड तिथेच पडलं. त्याचा जपलेला एक तुकडा ग्रेज वेल रोडच्या कडेला अजून पाहता येतो. शुक्रवारी येताना मुलांनी तो पाहिला होता आणि ‘एवढ्या फळ्या कशाला?’ असं विचारलं होतं. मी काहीतरी शैक्षणिक उत्तर दिलं होतं.

पंचेचाळीस फुटांना एक तास चाळीस मिनिटं. एक फळी मधोमध चिरली. पावणेदहाला मागची चाकं डांबरावर चढली, आणि काकांनी टाळी वाजवली तेव्हा आसपासच्या सात-आठ ट्रेलरांतून लोक बघत होते हे कळलं. सहाही टायर ८० पर्यंत भरायला आणखी तासभर गेला.

आमच्यात न मिटलेला वाद

दादाचं म्हणणं, जागा चुकली. त्याच्या मते तीस फूट उजवीकडे गेलो असतो तर काही झालं नसतं. काकांना अजून वाटतं की त्याने रेस सोडली नसती तर गाडी पार झाली असती, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर वेग न मोडता गेली असती तर कदाचित झालीही असती. पण एकदा थांबल्यावर नाही.

माझं मत वेगळं आहे, आणि खापर मी म्हटलं तसं थोडं वाटून टाकतो. टाच आपटली ही माझी चूक, ब्रेक ही दादाची, रेस ही काकांची. पण या तिन्ही चुका वाळूवर झाल्या. त्यांच्या आधीची चूक डांबरावर झाली. छोटी गाडी सोडायला पाच मिनिटं लागली असती, आणि ती सोडली असती तर दादा चाकोरीतून सरळ आत गेला असता. स्टीअरिंग जड झाल्याबरोबर सरळ मागे आला असता. मागे येणं शक्य नव्हतं म्हणून वळसा, वळशामुळे चाकोरी सुटली, चाकोरी सुटल्यामुळे बाकीचं. मी स्वतः तेव्हा टो-बारकडे पाहिलं होतं आणि ‘कशाला पुन्हा जोडाजोडी’ असा विचार केला होता. दादा हे मान्य करत नाही. वहिनी करतात, पण मला वाटतं त्या मला बरं वाटावं म्हणून करतात.

पुढच्या नोव्हेंबरात आम्ही तिथेच परत गेलो. सीआर-व्ही रस्त्याच्या कडेला सोडली. मी या वेळी टाच आपटली नाही. दुहेरी चाकांचे माग शोधले. मागात टायरची नक्षी स्पष्ट छापलेली असेल तर जमीन घट्ट आहे. नक्षी पुसली जाऊन कडा ढासळलेल्या असतील तर तिथे कुणीतरी आधीच धडपडून गेलेला आहे. नक्षी होती. टायर ६५ वर आणून दादा चाकोरीतून फक्त पंचवीस फूट आत आला, उताराचं तोंड रस्त्याकडे ठेवून, आणि थांबायच्या आधीच सहाही चाकं फळ्यांवर घेतली. जॅकखाली प्लायवूड दुहेरी. मुलांना टेकडी लांब पडली म्हणून ती कुरकुरली.

दुसऱ्या रात्री पश्चिमेकडून जोरात वारा सुटला. सकाळी उठून पाहिलं तर डाव्या पुढच्या फळीखालची निम्मी वाळू वाऱ्याने उकरून नेली होती आणि उजव्या बाजूला तेवढाच ढीग लावला होता. परात काढली आणि नाश्त्याआधी भरून टाकली.